ठकूचा आवाज

दुपारची भांडी विसळून सुनीतीबाई ओट्यावर पालथी घालत होत्या, तेवढ्यात रस्त्यावरून त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला.

आताचा नव्हे. आताचा आवाज वर्गात ओरडून ओरडून चिरलेला, सकाळी दोन घोट गरम पाणी पोटात गेल्याशिवाय न उघडणारा. हा तिशीतला होता. आधी एक उचकी, मग घशाच्या तळातून पायरी पायरीनं वर चढत गेलेलं ते खिदळणं, आणि त्यामागून शब्द आले, "काय रं मुडद्यांनो, विसरलात व्हय मला? येत्या रविवारी चौकला या. नाय आलात तर मुंडी मुरगाळीन!"

हे वाक्य सुनीतीबाई उभ्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या.

हातात पातेलं तसंच घेऊन त्या फाटकाबाहेर धावल्या. भिसेगावच्या त्या अरुंद रस्त्यावरून एक टेंपो रेंगाळत चालला होता. वर दोन कर्णे, बाजूला मोठा फलक, फलकावर हिरव्या लुगड्यातली, पिंजारलेल्या केसांची बाई.

"ए, थांब! थांब म्हणते ना!"

टेंपोवाला थांबला. दाराजवळ नरेश असं नाव रंगवलेलं होतं, तोच असावा. "काय झालं मावशी? आवाज मोठा वाटतो काय?"

"हा आवाज कुणाचा आहे?"

"ठकूचा! तुमाला ठकू म्हायती नाय? ‘हडळीचं बिऱ्हाड’ बघितला नाय काय कधी?"

"सिनेमा मला माहीत आहे. बोलतंय कोण ते सांग."

"चारुलता. नटी होती ती. वारली बिचारी. पण शेलूचे अनुपम सर हायत ना, त्यांनी कंप्युटरवर तिला परत बोलती केली. मेलेली बाई बोलते मावशी! काटा येतो का नाय अंगावर?"

सुनीतीबाईंच्या अंगावर काटा आला नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"बंद कर ते."

"आता कसं बंद करू? दिवसभर फिरायचं काम घेतलंय मी. आमी हुकमाचे ताबेदार." नरेशनं त्यांची समजूत काढायला आवाज थोडा कमी केला, वळणापर्यंत गेला आणि तिथून पुन्हा मोठा केला. समोरच्या सुप्रिया गच्चीवरून बघत होत्या. सुनीतीबाई पातेलं घेऊन रस्त्यात उभ्या, आणि वळणापलीकडून त्यांचीच उचकी ऐकू येत होती.

ती उचकी खरोखरच लागली होती. दादरच्या एका स्टुडिओत, काचेच्या खोलीत, पहिल्याच दिवशी. सुनीती तेव्हा कर्जतच्या शाळेत नव्यानं लागली होती आणि नाट्यस्पर्धांमधून तिचा आवाज दोनचार लोकांच्या कानांवर होता. पडद्यावरची चारुलता दिसायला झकास, डोळे असे फिरवायची की थिएटरातली पोरं खुर्चीखाली जायची, पण आवाज पिपाणीसारखा. हडळ बोलली की लोक घाबरणारही नाहीत आणि हसणारही नाहीत, हे दिग्दर्शकाच्या लक्षात आलं तेव्हा सिनेमा निम्मा होऊन गेला होता. कुणीतरी सुनीतीचं नाव सुचवलं. मे महिन्याच्या सुट्टीत ती रोज दादरला जायला लागली. हसण्याच्या ऐन सुरुवातीला उचकी आली, ती माफी मागायला लागली तर काचेपलीकडून दिग्दर्शक ओरडला, "ठेवा! उचकी ठेवा!" तिथून ठकू जन्मली.

तीन सिनेमे झाले. दोन सडेफटिंग मित्र एका जुन्या बंगल्यात भाड्यानं राहायला येतात, तर वरच्या मजल्यावर ठकू नावाची हडळ आधीपासून बिऱ्हाड करून असते. घरमालक भाडं मागायला आला की ती त्याच्या उरावर बसते. पुढे पुढे तर गावातला प्रत्येक नडलेला भाडेकरू ठकूलाच नवस बोलायला लागतो. बंगला चौक गावाजवळचाच होता, त्यामुळे खालापूर-कर्जतच्या लोकांना तो सिनेमा घरचाच वाटायचा.

सिनेमाच्या सुरुवातीला नावांच्या पाट्या येतात, त्यांमध्ये सुनीतीचं नाव आलं नाही. "नटीचा आवाज दुसरीचा आहे हे लोकांना कळलं तर मजा जाते," असं निर्माता म्हणाला होता. तिच्या घरच्यांनाही ते बरंच वाटलं. शाळेतल्या बाईंनी हडळीचा आवाज काढला हे कर्जतमध्ये कशाला कळायला हवं? चारुलता मात्र मनानं वाईट नव्हती. दर दिवाळीला फोन करायची. एकदा टीव्हीवरच्या कार्यक्रमात तिला कुणी हसून दाखवायला सांगितलं, तर घशाला हात लावून "आज गळा बसलाय हो," म्हणाली आणि त्याच संध्याकाळी सुनीतीबाईंना फोन करून खूप वेळ नुसती गप्प राहिली. चारुलता गेली, दिग्दर्शक गेला, काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट गेला. सुनीतीबाई निवृत्त झाल्या. राग असा कधी आलाच नव्हता. आपल्या आवाजानं लोक हसतात, हे एकटीला माहीत असणं त्यांना पुरेसं होतं.

आज ते पुरेना.

"त्यांनी चारुलताच्या नावावर खपवलंय," त्या घरात येऊन म्हणाल्या. "आणि वर मी न बोललेलं माझ्या तोंडी घातलंय!"

विष्णुपंत खुर्चीत पेपर वाचत होते. स्टेशनाजवळचं त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आता पुतण्या बघायचा. जन्मात त्यांनी कुणाशी वाद घातला नव्हता. पेपर खाली न करताच ते म्हणाले, "पोरं आहेत. हौसेनं करतात. जाऊ दे."

"तुम्हाला ओळखू आला का नाही आवाज?"

"आला की. न येऊन कसं चालेल?"

"मग?"

"मग काय? आता या वयात कुठे भांडत बसायचं?"

फलकावर नंबर होता. तो समोरच्या सुप्रियांच्या लेकीनं फोनमध्ये टिपून घेतला होता. सुनीतीबाईंनी लावला. पलीकडे अनुपम होता. नम्र, घाईत असलेला, गोड बोलणारा मुलगा. शेलूच्या नव्या इमारतींमध्ये राहायचा, मुंबईला नोकरी करायचा आणि उरलेला सगळा वेळ ‘हडळीचं बिऱ्हाड’च्या चाहत्यांचा ग्रुप चालवायचा. त्यांचं सगळं बोलणं त्यानं ऐकून घेतलं.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "पण रोज कुणीतरी फोन करतं. कुणी म्हणतं, दुसऱ्या भागातला वेताळ मीच होतो. कुणी म्हणतं, विहीर आमची होती. आमच्याकडे चारुलताताईंच्या मुलाची रीतसर परवानगी आहे."

"माझ्या आवाजाची परवानगी तो कोण देणार?"

"बरं, एक काम करा ना. हसून दाखवा."

"काय?"

"ठकूसारखं. दोन सेकंद. आम्हाला लगेच कळेल."

सुनीतीबाईंनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. अडुसष्टाव्या वर्षी, दुपारी तीन वाजता, एका अनोळखी पोराला आपण आपणच आहोत हे हसून सिद्ध करून दाखवायचं! त्यांनी पुन्हा फोन उचलला आणि दर्शनाला लावला.

दर्शना लोधिवलीची, त्यांची विद्यार्थिनी. आता खालापूरच्या कोर्टात वकिली करायची. शाळेत असताना वक्तृत्वाच्या स्पर्धेआधी बाईंनी तिचा एकेक शब्द घासून घेतला होता आणि ती अजून सांगायची की न्यायाधीशांसमोर उभी राहिले की बाईंचाच आवाज कानात असतो.

"बाई, खरं सांगू?" दर्शना म्हणाली. "मी तिन्ही भाग इतक्यांदा बघितलेत आणि मला कधी कळलं नाही. आता तुम्ही सांगितल्यावर कळतंय. तुम्ही ‘गृहपाठ कुठाय’ म्हणायचात ना, तेव्हा आम्ही उगाच नव्हतो घाबरत."

"चेष्टा करू नकोस."

"नाही करत. पण कागद नाही, पाटीत नाव नाही, माणसं वारलेली. नोटीस काढू, पण साक्षीला कोण? आधी रविवारी त्यांच्या चौकच्या मेळाव्याला जाऊया. चारचौघांत सांगा. ते काय म्हणतात ते मी ऐकते."

रविवारी दर्शनाच्या गाडीतून तिघं चौकला गेले. विष्णुपंत येणार नव्हते, पण बायको एकटी गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून मागच्या सीटवर येऊन बसले.

हॉल लग्नाचा होता. आत शंभरावर माणसं होती आणि सगळ्या वयांची होती, याचंच सुनीतीबाईंना पहिल्यांदा नवल वाटलं. पोरांनी ठकूचे टी-शर्ट घातले होते. एका आजोबांनी घरमालकाची काळी टोपी घालून आणली होती. आल्या आल्या कुणीतरी हातात चहा दिला. व्यासपीठावर कापडी पडदा, त्यावर लिहिलेलं: ‘भाग चौथा कसा असावा? तुमची कल्पना सांगा.’

रागानं आलेल्या सुनीतीबाई शेवटच्या रांगेत बसून ऐकत राहिल्या. आणि ऐकता ऐकता, नको नको म्हणताना, रमल्या.

नेरळचे एक बँकेतले गृहस्थ उठले. म्हणाले, बंगला पाडून तिथे टॉवर झालाय. ठकू विसाव्या मजल्यावर राहायला येते आणि सोसायटीची कमिटी तिच्यामागे लागते. भाडेकरार दाखवा, पोलिसांचा दाखला आणा, लिफ्ट रात्री दहानंतर वापरायची नाही. "ठकू त्या सेक्रेटरीला घाबरवायला जाते आणि तो तिलाच दंडाची पावती फाडतो!" हॉल हसला. सुनीतीबाईंच्या तोंडात लगेच ठकूचं उत्तर तयार झालं. कुणी विचारलं असतं, तर त्यांनी तिथेच म्हणून दाखवलं असतं.

मग कर्जतची एक मुलगी उठली, अंतरा नावाची. म्हणाली, ते दोघं मित्र आता म्हातारे झालेत. एकाला काही आठवत नाही. ठकू तशीच तरुण आहे, आणि ती त्याला रोज नव्यानं घाबरवते, कारण घाबरला की तो हसतो, आणि हसला की तेवढ्यापुरतं त्याला तिचं नाव आठवतं. मुलगी बोलून खाली बसली तेव्हा टोपीवाले आजोबा डोळे पुसत होते. दर्शनानं बाईंकडे पाहिलं. बाई खाली बघत होत्या.

पण त्यानंतर एक दाढीवाला उठला आणि म्हणाला, कॉमेडी आता चालत नाही, ठकूचा खून कसा झाला ते दाखवा, रक्त दाखवा. दुसरा म्हणाला, ठकूला नाचवा. हिरव्या लुगड्याऐवजी काय नेसवायचं, हेही त्यानं हातवारे करून सांगितलं आणि पुढच्या रांगांनी शिट्ट्या मारल्या. सुनीतीबाईंच्या कानशिलांतली शीर उडायला लागली.

शेवटी अनुपम आला. गोल चष्मा, पोरगेलासा चेहरा. म्हणाला, "सगळ्यांच्या कल्पना भारी आहेत. पण आपली ठकू आता कुणाची वाट बघत नाही. नटी नको, स्टुडिओ नको. तीन सिनेमांतला तिचा प्रत्येक शब्द मी मशीनला शिकवलाय. आता आपण लिहू ते ती बोलेल. कायम. बघा."

दिवे गेले. पडद्यावर चारुलता आली, जिवंत होती तेव्हाही नव्हती इतकी गुळगुळीत. उचकी. हसणं. आणि मग सुनीतीचा तिशीतला आवाज म्हणाला, "भाडं कशाला भरता रं येड्यांनो? हप्ता भरा! शेलूत घर घ्या, टू बीएचके, स्टेशनापासून पाच मिनिटं! बुकिंग चालू हाय, नायतर मुंडी..."

पुढचं टाळ्यांत बुडालं. खाली बिल्डरचं नाव झळकलं. कार्यक्रमाचा खर्च त्यानंच केला होता आणि तो पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता.

सुनीतीबाई उठल्या. आपण उठलोय हे त्यांना चार पावलं गेल्यावर कळलं. रांगांमधून सरळ व्यासपीठापर्यंत गेल्या, लॅपटॉपमधून स्पीकरला गेलेली वायर हातात धरली आणि उपसून काढली.

टाळ्या थांबल्या.

"हा आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "तिन्ही सिनेमांतला. चारुलता ओठ हलवायची, बोलायचे मी. आणि ठकू काय होती हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का? तीन तीन सिनेमे जी घरमालकांच्या उरावर बसली, तिला तुम्ही बिल्डरची दलाल केलंत?"

कुजबुज झाली. कुणी हसलं. अनुपम पुढे आला. "मॅडम, तुम्हीच फोन केला होता ना? हे बघा, शांतपणे..."

"हसून दाखवा!" मागून कुणीतरी ओरडलं. मग दुसरं. मग टाळ्यांच्या तालावर सगळेच, "हसून दाखवा! हसून दाखवा!"

फोनवर त्या हसल्या नव्हत्या. इथे मात्र त्यांना वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. त्यांनी श्वास घेतला. उचकी नीट आली. हसू तळातून उठलं, दोन पायऱ्या चढलं आणि तिसरीवर फाटलं. त्याचा खोकला झाला. खोकता खोकता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हॉल हसला. ठकूला हसायचा तसा नव्हे, पाय घसरून पडलेल्या माणसाला हसतात तसा.

"मावशी," पुढचा एक पोरगा म्हणाला, "कंप्युटरचाच जास्त ओरिजिनल वाटतो!"

तेव्हा सुनीतीबाईंचा तोल सुटला.

"अरे ठोंब्यांनो! ठकू मेलेली होती म्हणून ती म्हातारी झाली नाही. मी जिवंत आहे! माझ्या घशात तीस वर्षं खडू गेलाय, तुमच्यासारख्यांना शुद्धलेखन शिकवता शिकवता. तुम्हाला मेलेलीच बाई हवी. मेलेली बाई नाही म्हणत नाही, पैसे मागत नाही, खोकत नाही. काय लावाल ते बोलते!"

त्या बोलत होत्या आणि त्यांची नजर अनुपमवर होती. ‘ठोंब्यांनो’ म्हणताना त्याचा चेहरा बदललेला त्यांनी पाहिला. चष्म्यामागचे डोळे मोठे झाले. तोंड थोडं उघडलं. वर्गात ज्या मुलाला उत्तर येतं त्याचा चेहरा सुनीतीबाई शंभरातून ओळखत. याला उत्तर आलं होतं.

अनुपमनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग माइक उचलला आणि खाली बघत म्हणाला, "मॅडमच्या भावनांचा आम्ही आदर करतो. बाहेर नाश्ता तयार आहे."

परतताना गाडीत सुनीतीबाई पुढे, दर्शनाशेजारी बसल्या. चौक मागे पडलं. मग सुनीतीबाई मान न वळवता म्हणाल्या, "तुम्ही का उठला नाहीत?"

मागच्या सीटवर विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही रोज माझ्याबरोबर दादरला येत होतात. आईंनी एकटीला पाठवायचं नाही म्हणून सांगितलं होतं. दाराबाहेर बाकावर बसलेले असायचात. त्या सबंध हॉलमध्ये ज्याला माहीत होतं असं एकच माणूस होतं. लोक माझ्यावर हसत होते. का उठला नाहीत?"

"लोक होते गं," विष्णुपंत म्हणाले.

त्या रात्री सुनीतीबाईंनी त्यांचं ताट वाढलं आणि आपलं घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अनुपम घरी आला. हातात पेढ्यांचा बॉक्स. वाकून नमस्कार करायला गेला तर सुनीतीबाईंनी पाय मागे घेतले.

"मॅडम, मी चुकलो. नेटवर टाकलेली ती झलक मी काढून टाकलीय."

"सगळीकडून?"

तो घुटमळला. "आमच्या ग्रुपवरून. पण लोकांनी उतरवून घेतलीय... एकदा गेलं की ते हातात राहत नाही. कुणी त्यावरून आवाज बनवून वाढदिवसाच्या शुभेच्छा देतंय, कुणी..."

"म्हणजे मी मेल्यावरही बोलत राहणार. कुणाच्याही वाढदिवसाला."

"मॅडम, पण एक चांगली गोष्ट झालीय." त्याचा चेहरा उजळला. "एका निर्मात्याचा फोन आला. त्यांना खरंच चौथा भाग करायचाय. तुम्ही फक्त एक दिवस द्या. तुमचा आत्ताचा आवाज घेऊ, जुन्यात मिसळू. या वेळी पाटीत नाव येईल. मोठ्या अक्षरांत."

ज्या नावाची सुनीतीबाईंनी एवढी वर्षं फारशी आस धरली नव्हती, ते हा पोरगा पेढ्यांबरोबर घेऊन आला होता.

"त्या दिवशी हॉलमध्ये तू मला ओळखलंस," त्या म्हणाल्या. "हो का नाही?"

अनुपमनं बॉक्स टीपॉयवर ठेवला. "हो."

"कशावरून?"

"तुम्ही ‘ठोंब्यांनो’ म्हणालात. ‘ठों’च्या आधी श्वास अडवता. दुसऱ्या भागात विहिरीपाशी तसाच आहे. मशीनला तो नीट जमतच नव्हता, म्हणून मी ते वाक्य हजारदा ऐकलंय." तो थांबला. "माझे आईवडील दिवसरात्र भांडायचे, मॅडम. फक्त टीव्हीवर ठकू लागली की दोघं एका सतरंजीवर बसून हसायचे. मी तुमच्या आवाजाकडे... तुमच्या आवाजावर माझं बालपण गेलंय."

क्षणभर सुनीतीबाईंना त्या सतरंजीवरचं पोर दिसलं. त्यामुळे तर त्या जास्तच भडकल्या.

"एवढा तुझा जीव होता, तर तिला फ्लॅट विकायला उभी करताना हात कापला नाही? आणि ओळखलंस तर माइक तुझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. का नाही बोललास?"

"समोर ते बिल्डर होते... लोक होते, मॅडम."

आतल्या खोलीत पेपरची सळसळ थांबली.

"ऊठ," सुनीतीबाई म्हणाल्या. "हे पेढे घे. तुझ्या निर्मात्याला सांग, ती बाई नाही म्हणाली. जिवंत बाई आहे, नाही म्हणू शकते."

"मॅडम, तुम्ही नाही म्हणालात तरी ते करतीलच. चारुलताताईंचा मुलगा सही करून मोकळा झालाय. निदान तुम्ही असलात तर..."

"बाहेर हो!"

हा आवाज फाटला नाही. समोरच्या गच्चीवरून सुप्रिया वाकून बघायला लागल्या. अनुपम बॉक्स छातीशी धरून फाटकाबाहेर गेला, एकदा वळला, काहीतरी बोलणार होता, पण त्यांचा चेहरा बघून निघून गेला.

सुनीतीबाई वळल्या तेव्हा आतल्या दारात विष्णुपंत उभे होते. पेपर हातात नव्हता.

"दर्शनाला साक्षीला माणूस हवं होतं ना?" ते म्हणाले.

"हवं होतं."

"मी येतो."

सुनीतीबाई ‘बरं झालं’ म्हणाल्या नाहीत. ‘आता सुचलं का’ असंही म्हणाल्या नाहीत. "उद्या नऊची एसटी आहे," एवढंच बोलल्या आणि कणीक मळायला गेल्या. कणकेला त्या दिवशी फार मार बसला.

दर्शनाचं ऑफिस खालापूरला कोर्टाजवळच होतं. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली कायद्याच्या पुस्तकांची चळत. नोटीस तिघांना जाणार होती: अनुपमला, बिल्डरला आणि चारुलताच्या मुलाला.

"बाई, एक आधीच सांगते," दर्शना म्हणाली. "हे लांबेल. त्यांच्याकडे मोठा वकील येईल. आणि जो आवाज फोनाफोनीत गेलाय, तो मी परत आणू शकत नाही."

"माहीत आहे मला. तू काढ नोटीस."

दर्शनानं विष्णुपंतांकडे खुर्ची सरकवली. "काका, तुम्हाला जे माहीत आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. मी लिहून घेते."

विष्णुपंतांनी घसा साफ केला. सुरुवात अडखळत झाली. मे महिना होता. सकाळची गाडी धरून दादरला जायचो. स्टुडिओत मला आत सोडत नसत, मी दाराबाहेर बाकावर बसायचो. दार जाड होतं, पण पंख्याच्या भोकातून आवाज यायचा. हिचं हसणं मी तिथून रोज ऐकलं. एकच हसणं आठ-दहा वेळा करून घ्यायचे. संध्याकाळी ही बाहेर यायची तेव्हा घसा बसलेला असायचा, स्टेशनपर्यंत आम्ही खुणांनी बोलायचो.

"हा आवाज यांचाच, हे तुम्ही शपथेवर सांगाल?"

"सांगेन. कुठेही सांगेन."

दर्शना लिहीत होती. सुनीतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. ते खुणांनी बोलणं त्या विसरूनच गेल्या होत्या. राग जरा सैल पडतोय असं त्यांना वाटत होतं, आणि तो पडू द्यावा की नाही हे ठरत नव्हतं.

"तिथे आणखी कुणी होतं? कुणाशी बोलणं झालं तुमचं?" दर्शनानं विचारलं.

विष्णुपंत टेबलाकडे बघत म्हणाले, "एक शिपाई असायचा. एकदा आत ही हसत होती, तर तो थबकला. म्हणाला, काय बाई आहे हो! कोण आहे आत?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं..." त्यांनी चष्मा काढला. "मी म्हटलं, असेल कुणीतरी."

दर्शनानं पेन उचललं. "काका, हे राहू दे. याची केसला गरज नाही."

"आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढून टेबलाला टेकवली आणि कागदावर बोट ठेवलं. "हेही लिही, दर्शना. जसं म्हणाले तसंच्या तसं लिही."

दर्शनानं विष्णुपंतांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग ती लिहायला लागली.